दुसरा फ्लॅट घेतला, पण पैसा कुठे आहे?

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. रेपो दर म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने उसने पैसे मिळतात तो दर. तो उतरला की गृहकर्जाचं व्याजही उतरतं, आणि व्याज उतरलं की आपल्याकडे एक प्रश्न हमखास डोकं वर काढतो. राहतं घर झालंय, पगार बरा आहे, थोडी शिल्लकही आहे. मग दुसरा फ्लॅट घेऊन टाकायचा का? भाडं येईल, भाड्यातून हप्ता सुटेल, वीस वर्षांनी फ्लॅट जवळजवळ फुकटात आपला.

नात्यातले काका हेच सांगतात, ऑफिसातला सहकारी हेच सांगतो आणि आता मोबाइलवरच्या रील्सही हेच सांगतात. रील्सवाल्यांनी त्याला ‘पॅसिव्ह इन्कम’, म्हणजे बसल्या जागी मिळणारं उत्पन्न, असं भारदस्त नाव दिलंय. यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळायला तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बघाव्या लागतात. बोलताना आपण त्या सर्रास एकातच कालवतो.

## मालमत्ता, रोख प्रवाह आणि रोखता

पहिली गोष्ट मालमत्ता. घर, सोनं, ठेवी, शेअर या सगळ्यांची आजची किंमत करायची, त्यातून कर्ज वजा करायचं, उरेल ती निव्वळ मालमत्ता. ‘तो करोडपती आहे’ असं आपण म्हणतो ते या आकड्याबद्दल.

दुसरी गोष्ट रोख प्रवाह, म्हणजे महिन्याभरात खिशात किती आलं आणि खिशातून किती गेलं. एखाद्या वस्तूची किंमत कितीही असो, तिच्यामुळे दर महिन्याला पैसे येतात की जातात, एवढंच इथे बघायचं.

तिसरी गोष्ट रोखता. एखादी वस्तू फारसा तोटा न सोसता किती लवकर पैशांत बदलते, ती तिची रोखता. बचत खातं सगळ्यात वर. मुदत ठेव मोडली तर थोडं व्याज कापलं जातं, पण पैसे बहुतेक त्याच दिवशी मिळतात. सोनं सकाळी तारण ठेवलं तर संध्याकाळपर्यंत कर्ज हातात. फ्लॅट बराच खाली, आणि वडिलोपार्जित जमीन तर तळाशी.

पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तोड मिळाली, ऊस कारखान्यावर गेला, की कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते वेळेवर मिळावेत म्हणून आंदोलनं करावी लागतात, ती गोष्ट वेगळी. त्याच घरी गोठ्यात दोन म्हशी असतात आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. किराणा, पोरांची फी, दवाखाना, सगळं दुधावर चालतं. रक्कम उसाची मोठी, पण दूध आटलं तर उभ्या उसावर उचल घ्यायची वेळ येते. शहरातला पगारदार दुसरा फ्लॅट घेतो तेव्हा तो खरं तर ऊस लावत असतो, आणि आपण म्हैस आणली असं समजत असतो.

## एका फ्लॅटचा सरळ हिशेब

पुण्यात ७५ लाखांचा टू बीएचके धरू. ताबा मिळालेली, भोगवटा प्रमाणपत्र असलेली इमारत आहे, त्यामुळे जीएसटी नाही. बांधकाम चालू असतं तर साधारण ५ टक्के जीएसटी पडला असता.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. म्हणजे ६० लाख बँकेचे, १५ लाख आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी फी ३० हजार. घर भाड्याने द्यायचं तर किचनची कपाटं, पंखे, गिझर, खिडक्यांना जाळ्या लागतात; त्याचे ३ लाख. असे साडेतेवीस लाख सुरुवातीलाच खिशातून जातात. बहुतेकांची पंधरा वर्षांची शिल्लक एवढीच असते, आणि ती त्या एका दिवसात सगळ्यात मोकळ्या रूपातून सगळ्यात अडकलेल्या रूपात जाते. त्या दिवशी पेढे वाटतात, त्यामुळे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता दर महिन्याचं बघू. ६० लाखांचं कर्ज, साडेसात टक्के व्याज, वीस वर्षं: हप्ता ४८,३३६ रुपये. भाडं २२ हजार धरू. वर्षाचे झाले २ लाख ६४ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ४२ हजार, महापालिकेचा मिळकतकर १५ हजार. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर महिनाभर तरी रिकामं राहतं, ते २२ हजार. एजंटची दलाली, रंगाचा हात, भाडेकराराची नोंदणी, गळका नळ मिळून २० हजार. हातात राहिले १ लाख ६५ हजार, म्हणजे महिन्याला पावणेचौदा हजार.

भाड्यातून हप्ता सुटला नाही. दर महिन्याला साधारण ३४,६०० रुपये पगारातून घालावे लागतात, वर्षाला सव्वाचार लाखांच्या आसपास. म्हणजे या ‘पॅसिव्ह इन्कम’साठी आपण दर महिन्याला पस्तीस हजारांचं ॲक्टिव्ह काम करतोय.

आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या भागातले वेगळे असतील. पण मूळ अडचण सगळीकडे तीच आहे. आपल्या मोठ्या शहरांत राहत्या घराचं वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या साधारण २ ते ४ टक्के भरतं आणि गृहकर्जाचा दर त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त असतो. तीन टक्के कमावणारी वस्तू साडेसात टक्क्यांच्या कर्जावर घेतली तर मधला फरक कुणाला तरी भरावा लागणारच. आणि रील्समधले किस्से बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे तीस वर्षं न बदलणाऱ्या व्याजदराने घराचं कर्ज मिळतं आणि बऱ्याच गावांत भाडं किमतीच्या मानाने आपल्यापेक्षा खूप जास्त असतं. नुसतं सूत्र इथे आणलं, ती परिस्थिती तिथेच राहिली.

## हप्ता भरतोय, पण कर्ज का कमी होत नाही?

बँकेच्या ॲपवर कर्जाचं वेळापत्रक मिळतं. ते एकदा उघडून पहिली ओळ वाचा. वरच्या कर्जात पहिल्या महिन्याच्या ४८,३३६ पैकी ३७,५०० रुपये व्याज आहे आणि मुद्दलात फक्त १०,८३६ गेलेत. आता १२० वी ओळ बघा, म्हणजे बरोबर अर्धी मुदत संपली तिथे. तोवर तुम्ही ५८ लाख रुपये भरलेत आणि शिल्लक कर्ज आहे ४० लाख ७२ हजार. दहा वर्षांत मुद्दल फिटलं ते एकोणीस लाखांच्या आसपास. बँक यात फसवत नाही. हप्ता कायम एकसारखा ठेवायचा तर गणित असंच बसतं. पण अर्धी मुदत झाली म्हणजे अर्धं कर्ज फिटलं, असं मनात धरून पोरांच्या शिक्षणाचं नियोजन करणारे बरेच असतात.

आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं बदलत्या व्याजदराची असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. २०२१ मध्ये ज्यांना पावणेसात टक्क्यांनी कर्ज मिळालं होतं, त्यांचा दर सव्वानऊपर्यंत पोचला. साठ लाखांना पावणेसातच्या दराने हप्ता बसतो ४५,६२२ रुपये, आणि सव्वानऊने त्याच साठ लाखांचं नुसतं एका महिन्याचं व्याजच होतं ४६,२५०. म्हणजे जुना हप्ता व्याजालाही पुरेना. अनेक बँकांनी मग हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली. वीस वर्षांचं कर्ज काहींच्या बाबतीत तीस वर्षांच्या पुढे गेलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा. दर आज खाली आहेत. पण वीस वर्षांत ते पुन्हा वर जाणारच नाहीत, असं गृहीत धरून फ्लॅट घेणं धाडसाचं आहे.

## ‘भाडं जाऊ दे, जागेचे भाव तर वाढतातच ना?’

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि तो नीट तपासायला हवा, कारण दुसरा फ्लॅट घेणारे खरं तर भावावरच पैज लावत असतात.

वरचाच फ्लॅट दहा वर्षांनी विकला असं धरू. भाडं दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढलं असंही धरू. दहा वर्षांत आपल्या खिशातून सुरुवातीचे साडेतेवीस आणि दर महिन्याची तूट मिळून जवळपास ६१ लाख जातात. भाव दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढला तर फ्लॅट १ कोटी २२ लाखांना जाईल. उरलेलं कर्ज, नफ्यावरचा साडेबारा टक्के कर आणि दलाली वजा केली की हातात राहतात सुमारे ७५ लाख. दहा वर्षांच्या तगमगीवर वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास परतावा. साधी मुदत ठेव यापेक्षा बरी.

भाव ८ टक्क्यांनी वाढला तर चित्र पालटतं. फ्लॅट १ कोटी ६२ लाखांना जातो, हातात एक कोटी नऊ लाख येतात आणि परतावा आठ टक्क्यांच्या आसपास जातो. ठीक आहे, वाईट नाही. भाव त्याहून जास्त वाढला तर परतावा आणखी उसळतो, कारण वाढ सगळ्या ७५ लाखांवर मिळते आणि आपले अडकलेले पैसे त्यापेक्षा कमी असतात. कर्जाची खरी ताकद हीच. मात्र भाव थिजले तर तीच ताकद उलटी फिरते.

आणि भाव थिजतात. २०१३-१४ नंतरची काही वर्षं पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या पट्ट्यात ज्यांनी फ्लॅट विकायला काढला असेल त्यांना विचारा. बाजार असा अडकला की सरकारलाही हात घालावा लागतो: सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत ३ टक्क्यांनी आणि त्यानंतर मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी केलं होतं, तेव्हा कुठे नोंदणी कार्यालयांत पुन्हा रांगा लागल्या.

आपल्या मनात मात्र आजोबांनी दादरला किंवा डेक्कनला घेतलेली जागा असते. ती कर्जाशिवाय घेतलेली होती, चाळीस-पन्नास वर्षं विकली नव्हती, आणि ज्यांनी त्याच काळात चुकीच्या ठिकाणी जागा घेतली त्यांची गोष्ट घरात कुणी सांगत नाही.

## ‘अडचण आली तर विकून टाकू’

विकताना काय काय होतं ते एकदा क्रमाने बघा. एजंटला सांगितलं, पोर्टलवर फोटो टाकले. फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल तर त्याच्या सोयीने लोक बघायला येणार. घासाघीस होऊन टोकन मिळालं. आता ग्राहकाला कर्ज घ्यायचंय, त्याच्या बँकेला आपल्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि जमा कागदपत्रांची यादी हवी. वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासलेला अहवाल, काढणार. त्यात बिल्डरच्या मूळ साखळीतला एखादा कागद सापडला नाही की पंधरा दिवस गेले. सोसायटीचं ना हरकत पत्र हवं, सेक्रेटरी गावाला गेलेत. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर ग्राहक आपल्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून सरकारकडे भरणार. मग दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठे आणि फोटो, तेही सर्व्हर चालू असेल तर. त्यानंतर त्याची बँक आपल्या बँकेला पैसे देणार, आपली बँक मूळ कागद सोडणार आणि उरलेली रक्कम आपल्या खात्यात. सगळं सुरळीत झालं तर तीन महिने. सहा महिनेही कुणाला जास्त वाटत नाहीत.

घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर दवाखान्याला पाच लाख आजच हवे असतात, आणि फ्लॅटचा तेवढाच एक कोपरा विकता येत नाही. विकायचा तर अख्खा. त्यातही गरजू विकणारा ग्राहकाला लांबून ओळखू येतो. दहा-पंधरा टक्के कमी ऑफर तिथेच सुरू होते.

## मग मोकळा पैसा ठेवायचा तरी कुठे?

घरखर्च आणि सगळे हप्ते मिळून सहा महिन्यांची रक्कम मोकळी असावी, असं सर्वसाधारण मत आहे. नवरा-बायको दोघं एकाच क्षेत्रात असतील, विशेषतः आयटीत, तर मी ती नऊ महिन्यांची म्हणेन, कारण मंदी आली की दोन्ही नोकऱ्यांवर एकदमच येते.

ही रक्कम बचत खातं, मुदत ठेव आणि लिक्विड फंड यांत विभागून ठेवता येते. लिक्विड फंड म्हणजे अगदी अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड. काढायला सांगितलं की साधारण दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे खात्यात येतात. ‘यात व्याज किती कमी मिळतं’ ही तक्रार खरी आहे. पण या पैशाचं काम वाढणं नाहीच, वेळेला हजर असणं हे आहे.

बँकेतला पैसाही आपोआप मोकळा धरू नका. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दारात पुन्हा तशाच रांगा दिसल्या. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा आणि व्याज धरून, ५ लाखांपर्यंतच आहे. निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ पासून झाली आहे, पण मुलीची फी भरायला ९० दिवस कोण थांबतं? अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. पतसंस्थांना तर हा विमा लागूच नाही.

ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांच्यासाठी एक चांगली सोय आहे आणि ती फार कमी जण वापरतात. काही बँका गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट खात्याच्या रूपात देतात. स्टेट बँकेचं मॅक्सगेन त्यातलंच. जास्तीचे पैसे त्या खात्यात ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर ते परत काढता येतात. साध्या कर्जात केलेली आगाऊ परतफेड परत मागता येत नाही. व्याजदर थोडा जास्त पडतो, पण व्याज वाचवणं आणि रोखता राखणं ही दोन्ही कामं एकदम करणारं माझ्या माहितीत दुसरं काही नाही.

## ‘भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात’

राहत्या घराला मी हे गणित लावत नाही. भाडेकराराचे अकरा महिने संपत आले की घरमालकाच्या फोनची धास्ती, पोरांची शाळा, आईवडिलांचा दवाखाना जवळ असणं, या गोष्टींची किंमत टक्क्यांत मांडता येत नाही. पहिलं घर झेपत असेल तर घ्यावं. वाद दुसऱ्या फ्लॅटचा आहे, आणि तो घेताना पहिल्या घराच्या भावना उसन्या घेऊ नयेत.

## ‘करात तर सूट मिळते’

मिळायची. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट आजही मिळते, वर व्याजही वजा होतं. वरच्या उदाहरणात भाडं दोन-अडीच लाख आणि पहिल्या वर्षाचं व्याज साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे कागदावर तोटा. जुन्या करप्रणालीत हा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो. नव्या करप्रणालीत तो पगारातून वजा होत नाही. आणि तुम्ही वेगळं काही निवडलं नाही तर आता नवीच लागू होते. बिल्डरच्या ऑफिसात तोंडी समजावलेलं करबचतीचं गणित बरेचदा जुन्या प्रणालीचं असतं, तेवढं विचारून घ्या.

## जागा हवी आणि रोखताही हवी, असं काही असतं का?

रीट नावाचा प्रकार आहे. मोठमोठी कार्यालयं, मॉल अशा भाड्याने दिलेल्या इमारती एका ट्रस्टमध्ये ठेवतात आणि त्याचे हिस्से शेअर बाजारात विकतात. भारतात पहिला रीट एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आला, एम्बसी ऑफिस पार्क्सचा. नंतर माइंडस्पेस, ब्रुकफील्ड आणि मॉलवाला नेक्सस आले. २०२१ पासून एक हिस्साही घेता येतो, म्हणजे काहीशे रुपयांतही सुरुवात होते. नियमाप्रमाणे किमान ८० टक्के पैसे बांधून पूर्ण झालेल्या, उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेत असावे लागतात आणि वाटण्याजोग्या रोख रकमेपैकी किमान ९० टक्के हिस्सेदारांना वाटावे लागतात. भाडेकरू शोधायचा नाही, नळ दुरुस्त करायचा नाही, पाच लाख हवे असतील तर पाच लाखांचेच हिस्से विकायचे.

तोटेही आहेत. भाव रोज वरखाली होतो आणि तो रोज दिसतो. फ्लॅटचा भाव उतरला तरी दिसत नाही म्हणून झोप लागते. मोठी कंपनी कार्यालय सोडून गेली तर वाटप घटतं. शिवाय हाताने भिंतीला स्पर्श करून ‘हे माझं’ म्हणण्याचं समाधान नाही, आणि आपल्याकडे त्याला किंमत आहे.

गावाकडच्या जमिनीबद्दल थोडंच. कागदावर ती कोटींची असेल, पण सातबाऱ्यावर आठ सहहिस्सेदार असतील तर आठ सह्या हव्यात, आणि त्यातली एक आत्या बेळगावला आणि एक चुलतभाऊ बोलणं सोडून बसलेला असतो. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, त्यामुळे ग्राहकही मोजके. अशी जमीन हिशेबात धरा, पण तिच्या भरवशावर खर्च ठरवू नका. एनए (बिगरशेती) न झालेल्या, गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या गुंठेवारीच्या प्लॉटला तर मी हिशेबातही धरणार नाही.

## मग दुसरा फ्लॅट घ्यायचाच नाही?

घ्या, पण या गोष्टी जमत असतील तर. सगळे पैसे भरून झाल्यावरही सहा महिन्यांची मोकळी रक्कम हातात राहत असेल. फ्लॅट सहा महिने रिकामा राहिला आणि व्याज दोन टक्क्यांनी वाढलं तरी हप्ता एका पगारात बसत असेल. आरोग्य विमा आणि टर्म विमा आधीच झालेला असेल. आणि तो फ्लॅट आठ-दहा वर्षं विकायची गरज पडणार नसेल. वयाच्या तिशीत, दोन पगारांत, मोठ्या रस्त्याजवळ किंवा मेट्रोलगत चांगल्या भावात मिळालेला फ्लॅट अनेकांच्या बाबतीत उत्तम ठरलाय. तो सक्तीची बचत म्हणूनही काम करतो. हप्ता नसता तर तेच पैसे गाडीत आणि परदेश सहलींत गेले असते, हे त्यातल्या अनेकांनी स्वतःच सांगितलेलं मी ऐकलंय.

पन्नाशी ओलांडलेल्यांचं गणित मात्र उलट दिशेने मांडावं लागतं. पुण्या-ठाण्यात अशी कितीतरी जोडपी आहेत ज्यांच्याकडे दोन फ्लॅट आहेत आणि निवृत्तीनंतर दर महिन्याचं उत्पन्न तुटपुंजं आहे. मुलं बंगळुरूला किंवा टोरांटोला. दुसरा फ्लॅट ‘मुलांसाठी’ ठेवलेला, आणि मुलांना तो नकोय. तो विकून त्या पैशांतून नियमित उत्पन्न उभं करणं, यात कमीपणा काही नाही. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर निवासी भारतीयाला दोन्ही प्रकारे कर मोजून जो कमी असेल तो भरता येतो: महागाई न धरता साडेबारा टक्के किंवा महागाई धरून, म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून उरलेल्या नफ्यावर, वीस टक्के. परदेशात स्थायिक झालेल्यांना ही निवड नाही, त्यामुळे फ्लॅट मुलाच्या नावावर करायच्या आधी एकदा सीएकडे जाऊन या. नफ्यातले पन्नास लाखांपर्यंत ठरावीक सरकारी रोख्यांत विक्रीनंतर सहा महिन्यांच्या आत गुंतवले तर तेवढ्यावर कर लागत नाही, पण ते पैसे पाच वर्षं अडकतात. म्हणून सगळा नफा तिकडे घालण्याआधी दोन-तीन वर्षांचा घरखर्च बाजूला काढून ठेवावा आणि मगच उरलेल्यावर कर वाचवायला बसावं.